मुखवट्यापुढे बसलेला माणूस

आमच्या कुवेतमधल्या मंगाफच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटावर एक लाल लाकडी मुखवटा टांगलेला होता. दोन शिंगं, वटारलेले डोळे, ओठांबाहेर आलेले सुळे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि नवरा प्रत्येकाला तीच कथा ऐकवायचा. मला त्या मुखवट्याचा राग आहे. नवऱ्याचाही आहे, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करायला नको.

नवरा मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत सेफ्टी इंजिनियर. टाकीच्या तोंडाशी एक माणूस लक्ष ठेवायला उभा केल्याशिवाय तो कुणाला आत उतरू देत नाही. कंपनीने त्याला यंत्रं तपासायला जपानला पाठवलं, तेव्हा तिथल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी त्याला उत्तरेकडचं एक संग्रहालय दाखवलं. नामाहागे नावाच्या प्रथेचं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी गावातले पुरुष राक्षसाचे मुखवटे आणि गवताचे झगे घालून घरोघर जातात, दारं बडवतात, ‘रडकी मुलं कुठायत? आळशी कुठायत?’ असं ओरडतात. एवढं ऐकून आमचे साहेब थेट दुकानात शिरले आणि हा मुखवटा घेतला. शेजारीच दुसरं संग्रहालय होतं, तिथे हा सगळा प्रकार करून दाखवतात. ते बघायला मात्र त्याला वेळ नव्हता.

थोरली तेव्हा पाच वर्षांची होती, धाकटी अजून पाळण्यात. नाशिकहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर काहीही विचारोत, ही इंग्रजीत उत्तर द्यायची. सासूबाई तोंड पाडायच्या आणि नवरा चिडायचा. तो परत आल्यानंतरच्या शुक्रवारी, भर दुपारी, थोरली चटईवर चित्रं रंगवत बसली होती. तो बेडरूममधून मुखवटा लावून, अंगावर माझी जुनी गोधडी घेऊन बाहेर आला, दारावर मुठी आपटल्या आणि गरजला, “इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी कुठाय? मी न्यायला आलोय!”

मला हे आधीपासून माहीत होतं. सासूबाईंना पाठवायचं म्हणून मी मोबाइल धरून तयार होते. पोर किंचाळत माझ्याकडे धावली आणि माझ्या पायांना मिठी मारली. मोबाइलमध्ये तिचा चेहरा नीट दिसेना, म्हणून मी तिला एका हाताने जरा बाजूला सरकवलं.

तिची चड्डी ओली झाली, तेव्हा नवऱ्याने मुखवटा काढला. “अगं वेडे, बाबा आहे मी!” म्हणून तो हसला. मी व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर हसण्याचे पंधरा-वीस चेहरे आले.

त्या दिवसापासून ती आजीशी मराठी बोलायला लागली. नवरा कॉलर ताठ करून सगळ्यांना सांगायचा, “बघा, एका दिवसात फरक!” फरक होता खरा. पोर पडली, लागलं, ताप आला, तरी माझ्याकडे धावत यायची नाही. बाथरूममध्ये जाऊन एकटीच गुडघा धुवायची. मी शर्क भागातल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचं रक्त काढते आणि त्यांच्या आयांना बजावते, “घट्ट धरा, सोडू नका.” घरी आल्यावर माझी मुलगी गुडघ्याला स्वतः पट्टी लावून बसलेली असायची. मला कळत होतं. मी नवऱ्याला शिव्या देत राहिले, कारण ते सोपं होतं.

तीन वर्षांनी सुट्टीत आम्ही जपानला गेलो. “एवढं लांब येऊन ते बघायचं नाही?” असं म्हणत त्याने आम्हाला त्याच संग्रहालयात नेलं. मी भांडायच्याच तयारीने आत शिरले. भिंतभर मुखवटे होते, लाल, निळे, सोनेरी, एकापेक्षा एक कुरूप. प्रत्येक गावाचा वेगळा, असं पाटीवर लिहिलं होतं. म्हणजे मुलांना घाबरवायला एक तोंड पुरलं नाही या लोकांना! गवताचा झगा घालून फोटो काढायची सोय होती, तिथे नवरा रमला आणि धाकटीला घेऊन रांगेत उभा राहिला. मी थोरलीला विचारलं, “बाहेर जायचं का?” ती म्हणाली, “नो. आय वॉन्ट टू सी द अदर वन.”

दुसरं संग्रहालय म्हणजे एक जुनं घर होतं. आम्ही भिंतीला टेकून चटईवर बसलो. दारावर असा धडाका झाला की मीच दचकले. दोन राक्षस पाय आपटत आत घुसले. थोरली हलली नाही. घराचा मालक झालेला एक वयस्कर माणूस त्यांच्यापुढे जमिनीवर बसला, वाकला, त्यांना दारू ओतून दिली आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिला. राक्षस गुरकावत होते, तो प्रत्येक वेळी मान हलवून उत्तर देत होता.

“आई, हू इज दॅट मॅन?”

शेजारच्या बाईने तिला तोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा घरातला बाबा. राक्षस म्हणतात, मुलं वाईट आहेत, आम्ही नेतो. बाबा म्हणतो, माझी मुलं चांगली आहेत, तुम्ही जा. हे नेहमी असतंच, बाबा नसेल तर नामाहागे होतच नाही.

थोरली बराच वेळ त्या माणसाकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबा तर राक्षस होता. आणि तू व्हिडिओ काढत होतीस.”

आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. राक्षस गेल्यावर खाली पडलेली गवताची एक काडी तिने उचलून कंपासपेटीत ठेवली.

मुखवटा काढून फेकायचा, असं मी विमानातच ठरवलं होतं. कुवेतला आल्यावर रोज म्हणायचे, उद्या काढते. नवऱ्याशी वाद कोण घालणार, हे कारण. भित्री मी होते, दुसरं कुणी नाही.

मग एका शुक्रवारी जेवायला चार कुटुंबं आली. धाकटी आता चार वर्षांची. कुणीतरी तिला नाव विचारलं आणि तिने इंग्रजीत सांगितलं. “हिलाही औषध द्यायला हवं,” म्हणत नवऱ्याने खिळ्यावरून मुखवटा काढून तोंडावर चढवला. पाहुण्यांनी हसत मोबाइल वर केले. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

तेवढ्यात थोरली मध्ये आली. ती उभी राहिली नाही. त्या म्हाताऱ्यासारखी बापासमोर जमिनीवर बसली, वाकली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “आमच्या घरातली मुलं चांगली आहेत. तुम्ही जा.”

मुखवट्यामागचं हसणं थांबलं. एकेक मोबाइल खाली गेला.

मीही त्यांच्याजवळ पोचले होते. गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरले होते. धाकटी रडत आली, माझ्या हातांच्या बाजूने निघून गेली आणि ताईच्या पाठीला चिकटली.