यवतमाळच्या मॅडम घर पाहाले आल्या तेव्हा

आमच्या ताईच्या ऑफिसबाहेर चपलांचा ढीग असते ना, तसाच किस्स्यांचा बी असते. आपली शोधाले जा, तर दुसऱ्याचीच हातात येते! तुम्ही म्हणता सांग, म्हून सांगतो. पण मधात कोणी टोकायचं नाही.

ताई म्हणजे संगीताताई. दिग्रसले कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मांगं तिचं ऑफिस हाय. कोणी म्हातारं एकटं हाय, कोणी बिछान्यावर पडून हाय, कोणाच्या लेकरायले पाहाले कोणी नाही, अशा घरी ताई जाते. संस्थेचं नाव भल्लं लांब हाय, इंग्रजीतलं. म्हून सारे नुसतं 'ताईचं ऑफिस' म्हणतात.

मी काजल. आठवीतून शाळा सुटली, खोड्या काही सुटल्या नाही. यश माहा लहान भाऊ. बाप कधीचाच सोडून गेला. आईले डोक्याचा आजार झाला, तिले नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं. शेजारची शांतामावशी आमाले जेवू घाले, रागावे, केस विंचरे. पण सरकारच्या हिशोबानं आम्ही दोघं एकटेच! यवतमाळहून एक मॅडम येणार होत्या, घर पाहून ठरवणार होत्या. घर पटलं तर आम्ही मावशीच्या भरोशावर घरीच. नाही पटलं तर यश पोरायच्या वसतिगृहात, मी पोरीयच्या, अन् दोन्ही दोन गावाले.

यश अजून माह्या ओढणीचं टोक धरून झोपते. तिकडं कोणाची ओढणी धरन? हे डोक्यात आलं की मी उठून काहीतरी खोडी करो. काय करता मंग!

*

ताई पयल्यांदा आमच्या गल्लीत आली तवाचा किस्सा. हातात पिशवी, कपाळावर घाम. मले म्हणे, "बाळा, काजलचं घर कोणतं?"

मले वाटलं, आमाले न्यायलेच आली. मी म्हटलं, "काजल ना? थे तिकडं, पाण्याच्या टाकीमांगं."

बिचारी गेली. वापस आली. मी म्हटलं, "मंग मशिदीच्या बाजूनं असन." तिकडं बी गेली. मंग म्हटलं, "चक्कीजवळ इचारा बरं." तिकडं बी गेली! मी दारात बसून हसून राह्यली.

शेवटी ताई आली ते सरळ आमच्या उंबऱ्यावरच बसली. "काजल, पानी पाजतं का आता?"

मी म्हटलं, "तुमाले कसं समजलं वो?"

"तुह्या भावानं तवाच सांगतलं, तू मले टाकीकडं पाठवलं तवा."

"मंग फिरल्या कायले?"

"टाकीजवळच्या बाईनं सांगतलं, तू तिच्या म्हातारीचं पानी भरून देतं. मशिदीजवळ समजलं, यशले ताप होता तवा खालेदाभाभीनं त्याले उचलून दवाखान्यात नेलं. चक्कीवाला म्हणे, तुह्यं दळण तो पयले काढते. मले तुमचा शेजारच पाहाचा होता. तू फुकटात दाखवला!"

मी पानी आणलं. त्यात मीठ टाकायचा प्लॅन होता. नाही टाकलं.

*

ऑफिसात एक सर हायेत, पुण्याचे. एकदम शुद्ध बोलतात. लेकरायच्या मनातलं काढाचं, हे त्यायचं काम. त्यायच्यापाशी तोंडाची चित्रं असतात, हसणारं, रडणारं, रागावलेलं. "यश, आज तुला कसं वाटतंय? एक चित्र उचल बघू."

यश रोज रडणारं उचले.

सर टेन्शनमध्ये! ताईले म्हणे, "मुलगा आतून फार खचलाय." ताई टेन्शनमध्ये. शांतामावशीनं तर त्याची नजर काढली. मी रात्री झोपताना त्याले इचारलं, "काहून रे यश्या, लय रडू येते काय?"

म्हणे, "नाही वं. रडणारं उचललं की सर क्रीमचं बिस्कुट देतात."

मी दुसऱ्या दिवशी सरले चुगली केली. सर हसले नाही, रागावले बी नाही. म्हणे, "असं? मग आजपासून हसणाऱ्या चेहऱ्यालाही बिस्किट."

यशनं चित्रायकडं पाह्यलं. सरच्या डब्याकडं पाह्यलं. मंग दोन्ही हातानं दोन चित्रं उचलली.

"सर, आज मले दोन्ही वाटून राह्यलं!"

*

ऑफिसची एक व्हॅन हाय, गजूभाऊ चालवते. म्हाताऱ्यायले, अपंगायले दवाखान्यात न्यायले अन् आणायले. एक दिवस लग्नाच्या मांडवातला 'शुभविवाह' लिहिलेला बोर्ड मले सापडला. फुलांच्या माळा लावलेला! मी तो चुपचाप व्हॅनच्या मांगं बांधून देल्ला.

त्या दिवशी गजूभाऊले नामदेवबाबाले घेऊन पुसदले जायचं होतं, डोळ्याच्या ऑपरेशनले. बाबा ऐंशीच्या घरातले, घरी एकटेच. निघाले. आता रस्त्यानं जो तो बाजू देते! ट्रकवाला बाजू देते, ट्रॅक्टरवाला हात हलवते. फाट्यावर पोलिसानं गाडी थांबवली, आत वाकून पाह्यलं, अन् बाबाले सलाम ठोकून म्हणे, "जा बाबा, मुहूर्त चुकन!"

गजूभाऊले पुसदले उतरल्यावर समजलं. आल्या आल्या माह्या मांगं चप्पल घेऊन धावला. "काजे! माह्या बायकोले कोणीतरी फोन करून सांगतलं, गजूनं दुसरं लग्न केलं!"

नामदेवबाबा मात्र डोळ्याले पट्टी लावून व्हॅनमध्येच बसून होते. ताईनं हात देल्ला, तरी उतरेना.

"बाबा, घर आलं."

"आलं ते समजलं," बाबा म्हणे. "नवरी कुठं हाय पण? पट्टी निघाल्यावर पयले तिलेच पाहीन म्हणतो!"

*

पार्बताआजीचा किस्सा तर सारं दिग्रस सांगते.

आजीले कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं. तिची सून लीला दिवसभर काहीतरी बडबडे, अन् आजी हसून म्हणे, "हो माय." सून काही बी म्हणे, आजी म्हणे "हो माय". गल्लीतल्या साऱ्या सासवा आपापल्या सुनायले सांगत, "शिका काही! सासूसुनेचं असं पाह्यजे!"

ताईनं आजीले कानाचं मशीन मिळवून देल्लं.

झालं! त्याच दिवशी संध्याकाळी आजीनं पयल्यांदा ऐकलं, सून आपल्याले काय म्हणते ते. असं भांडण पेटलं बाप्पा, आम्ही मांडवातल्यासारखे चटया घेऊन बसलो होतो! दुसऱ्या दिवशी लीला मशीन घेऊन ऑफिसात हजर. "ताई, हे वापस घ्या! माह्यं घर बसवलं होतं, तुम्ही उठवलं!"

ताई घाबरली. लगेच आजीच्या घरी गेली, मी बी मांगं. आजी ओट्यावर बसली होती. ताईनं मशीन तिच्या कानाले लावलं अन् हळूच म्हणे, "आजी, तरास होत असन तर राहू द्या. काढून ठेवू का?"

आजीनं कान दोन्ही हातानं झाकून घेतला.

"हात नको लावू! इतक्या वर्षानं कोणीतरी माह्याशी बोलून राह्यलं!"

अन् मंग आतमध्ये तोंड करून वरडली, "लीले! काल भांडता भांडता कुठलोक आलतो आपण?"

*

आईले आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल राहे, ताईच्या मोबाइलवरून. आई दिसे, पण बोले नाही. नुसती पाहत राहे, भिंतीकडं पाहतो तशी. यश कविता म्हणे, उड्या मारे, ते तशीच. फोन ठेवला की यश इचारे, "आपण तिले दिसलो काय?" ताई म्हणे, "दिसलो ना रे."

एक बार मी मोबाइलमध्ये खटपट केली. त्यात ते असते ना, आपल्या तोंडाले मिशा अन् मांजराचे कान लागतात? ते चालू करून देल्लं. कॉल लागला. तिकडं आई, इकडं मी, टोकदार कान अन् मिशा! मी म्हटलं, "म्याऊ."

ताईनं डोळे वटारले. "काजल, बंद कर! तिले काय वाटन?"

मले बंद करता येईना! बटन दाबलं तर कुत्र्याची जीभ बाहेर आली. लांबच लांब!

आईनं डोळे बारीक केले. मोबाइलजवळ तोंड आणलं. अन् म्हणे, "काजे! घरी येऊ दे मले. दोन्ही कान कापून ठेवीन तुह्ये!"

यश नाचाले लागला, "आई रागावली! आई रागावली!" ताई भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली, ओढणीनं नाक पुसत. मंग तिनं डॉक्टरले फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, गुड न्यूज हाय! पेशंटनं शिवी देल्ली!"

*

अन् मंग आला तो दिवस. यवतमाळच्या मॅडम.

ताईनं शांतामावशीले साधं सांगतलं होतं, "घर जसं हाय तसं राहू द्या. मॅडम फक्त पाहाले येतीन."

पण मावशीच्या उभ्या आयुष्यात घर पाहाले पाहुणे आले, ते पोरगी पाहालेच! तिले दुसरं काही माहीतच नाही. सकाळपासून गल्ली कामाले लागली. चक्कीवाल्याच्या खुर्च्या आल्या, लीलाचा पंखा आला, कोणाची चादर, कोणाचे कप. खालेदाभाभीनं तर फ्रिज पाठवला! आमच्या एका खोलीत तो ठेवला, तर दार अर्धंच उघडे. मले नवा ड्रेस घालून केसात गजरा खोसला. मी म्हटलं, "मावशे, लगन नाही माह्यं!" म्हणे, "चूप राह्य. खाली पाहून बोलजो."

मॅडम आल्या, ताईसंगं. चष्मा, हातात फाइल. आडव्या होऊन दारातून शिरल्या. मी ट्रे घेऊन गेली, पोहे अन् च्या. मावशीचं सुरू झालं, "पोरीले सारा सैपाक येते. शिवण येते. स्वभावानं लय गरीब हाय!"

यश इतक्या जोरात हसला का त्याच्या नाकातून च्या निघाला.

मॅडमनं इचारलं, "शाळेत जातेस?"

"सुटली होती. ताई म्हणते, दहावी बाहेरून देऊ. आता ऑफिसात बसून अभ्यास करतो."

मॅडमनं फ्रिजकडं पाह्यलं. "हा तुमचा?"

मी काही बोलाच्या आत यश म्हणे, "नाही, खालेदाभाभीचा. खुर्च्या चक्कीवाल्याच्या. पंखा लीलाकाकूचा. तुम्ही पिऊन राह्यल्या तो कप बी आमचा नाही."

ताईनं डोळे मिटले. मावशीचा चेहरा पांढरा पडला. मले वाटलं, गेला यश. आता गेलाच.

मॅडमनं कप खाली ठेवला. यशले जवळ बोलावलं. "बाळा, आई नाहीये, बहीण लहान आहे. भीती वाटली तर तू कोणाला हाक मारतोस?"

यशले वाटलं, मारून दाखवाची हाय. त्यानं छाती फुगवली, अन् पत्रे हालतीन असा वरडला, "मावशीऽऽऽ!"

शांतामावशी तिथंच होती, ते दचकली. पण पत्र्याच्या मांगून, खिडकीतून, ओट्यावरून, जितक्या बाया कान लावून बसल्या होत्या तितक्या साऱ्या एकदमच, "काय झालं रे यश?" अन् धावल्याच! लीलाकाकू पिठाच्या हातानं, खालेदाभाभी अर्धं आंघोळ केलेलं लेकरू काखेत घेऊन, मांगून पार्बताआजी कानाचं मशीन धरून, "कोणं मारलं माह्या लेकराले?" दार अर्धंच उघडे, म्हून साऱ्या फ्रिजपाशी अडकल्या. कोणी मॅडमच्या पायावर पाय देल्ला, कोणाचं पीठ फाइलवर सांडलं.

मॅडमनं फाइलवरचं पीठ झटकलं. मंग त्यायनं फाइल बंद केली, बाजूले ठेवली, अन् पोह्याची प्लेट मांडीवर घेतली.

"लिंबू मिळेल का थोडं?"

मावशीनं मले कोपरानं ढोसलं. "पाया पड वं काजे! पसंत हाय!"