शेवटच्या पानापासून वाचणारी बाई

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्ड विभागात तिला सगळे 'शंकासुर' म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर 'ताई'. मी तिच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसले, आणि त्यातली निदान सहा दात-ओठ खात काढली.

काम सांगायला सोपं. पेशंट घरी गेला की त्याची फाईल खाली येते, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला आम्ही जाडजूड पुस्तकातला कोड देतो. डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच खरं, ही काळ्या दगडावरची रेघ. नर्सच्या नोंदीवरून कोड द्यायचा नाही. म्हणून आम्ही शहाणी माणसं पहिलं पान वाचायचो, कोड टाकायचो आणि पुढची फाईल ओढायचो. ताई मात्र फाईल उलटी वाचायची. वीस वर्षं ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. गुडघे गेले म्हणून तिला खाली आणून बसवलं होतं.

"पहिलं पान डॉक्टर घाईत लिहितात," ती म्हणायची. "शेवटची पानं आम्ही बाळाजवळ बसून लिहायचो."

त्या सोमवारी ती माझ्या फायली तपासत होती. दहातली एक तपासायची असा शिरस्ता. नेमकी एका नवजात मुलाची हाती लागली. निदान असं, की मूत्रमार्गाचं तोंड टोकाला न उघडता खालच्या बाजूला उघडतं. पुरुषी अवयवांच्या जन्मजात व्यंगांतला हा नेहमीचा प्रकार, पुस्तकातला कोड क्यू चोपन्न. ऑपरेशन वर्षभराने केलं तरी चालतं. नेमका प्रकार लिहिलेला नव्हता, म्हणून मी 'अनिर्दिष्ट' टाकून मोकळी झाले होते. ती आमची हक्काची पळवाट. कॉम्प्युटर कुरकुर करत नाही.

"अगं, हे वाचलंस?" तिने शेवटचं पान पुढे सरकवलं. नर्सने लिहिलं होतं, 'दोन्ही वृषण हाताला लागत नाहीत.'

"डॉक्टरांनी कुठे लिहिलंय? मग आपल्याला काय करायचंय?"

"बाळ आज किती दिवसांचं?"

मी मोजलं. "अकरा."

तिचा चेहराच उतरला. दोन्हींतलं एकच व्यंग असतं तर तिने हूं की चूं केलं नसतं. पण दोन्ही एकत्र म्हणजे हे बाळ कदाचित मुलगा नाहीच, असं तिने सांगितलं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बिघडल्या तर मुलगीही बाहेरून मुलासारखी दिसते. त्याच ग्रंथींपायी अंगातलं मीठ वाहून जातं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ बघता बघता हातचं जातं.

"रक्ताची एक तपासणी करायची असते. या फाईलीत ती नाही. दोनदा बघितलं मी."

नियमाप्रमाणे डॉक्टरांना शंकेची चिठ्ठी पाठवायची, उत्तर आठवड्याने. ताईने फोन उचलला. बालरोगतज्ज्ञांचा आवाज मलाही ऐकू आला. "आता कोड टाकणाऱ्यांनी आम्हाला रोग शिकवायचे का? चिठ्ठी पाठवा." आणि फोन आपटला.

मी फाईल मागे ओढू लागले. खरं सांगते, बाळासाठी नाही. फाईलवर माझी सही होती म्हणून. "ताई, जाऊ द्या ना. आपल्या विभागाचे साहेब तुम्हाला फाडून खातील. रिटायर व्हायला चारच महिने राहिलेत तुमचे."

ती फाईल घेऊन उठली. लिफ्ट बंद, नेहमीप्रमाणे. दोन मजले ती कठडा धरून एकेक पायरी चढली, आणि मी मागून, मनातल्या मनात तिला आणि स्वतःला शिव्या देत. बालरोगांच्या ओपीडीबाहेरची रांग ओलांडून ती थेट आत घुसली.

"बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले.

"थांबते. आधी या बाळाच्या घरी एक फोन करा. बाळ नीट दूध पीत असेल तर सगळ्यांसमोर माफी मागेन."

डॉक्टरांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन लावला, स्पीकरवर. बाळाचा बाप चांगला खुशीत होता.

"एकदम गुणी झालाय हो, डॉक्टर! आधी रडून जीव घेत होता. कालपासून शांत. दुधालाही उठत नाही. दोन-तीनदा उलटी झाली, पण रडणं म्हणून नाही."

डॉक्टर ताडकन उभे राहिले. "त्याला उचला आणि आत्ताच्या आत्ता निघा."

चाळीस मिनिटं लागली त्यांना. ताई दारातून हलली नाही, खुर्ची दिली तरी बसली नाही. बाळ आलं तेव्हा त्याची मान आईच्या हातावर लुळी पडली होती. सुईला शीर सापडेना. तिसऱ्यांदा सापडली. सलाईन आणि औषध गेलं, आणि संध्याकाळी बाळाने डोळे उघडले. मुलगी होती.

फाईल माझ्याकडे परत आली. क्यू चोपन्न मी स्वतः खोडला आणि ग्रंथींच्या आजाराचा कोड घातला. ताईला साहेबांकडून लेखी समज मिळाली, की परवानगीशिवाय वर ओपीडीत जाऊ नये. तिने तो कागद खणात टाकला आणि पुढची फाईल उलटी उघडली.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात एक बाई खिडकीशी आली, कडेवर मूल. नोंदीतलं 'मुलगा' बदलून 'मुलगी' करून हवं होतं. ताईला ती ओळखत नव्हती. ताईने कागद पाहिले आणि हळूच विचारलं, "रडते का हो?"

"विचारू नका! औषध जन्मभराचं आहे, पाजायला घेतलं की घर डोक्यावर घेते."

तेवढ्यात पोरीने असा काही टाहो फोडला की सगळं तळघर दणाणलं. आई ओशाळली. "शू, ऑफिस आहे ना हे."

"गप्प नका करू तिला," ताई म्हणाली. चष्मा काढून ती डोळे पुसत होती. "रडू दे. पोटभर रडू दे."

आम्ही सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि ऐकत बसलो.