पारोळ्याहून परत आलेलं पत्र

कुसुम गेल्याचं नर्सबाईंनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, सही कुठं करायची. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं असेल म्हातारा दगड आहे. पण माझी सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात गेली, आधी खलाशी म्हणजे हाताखालचा मदतनीस, मग फिटर. तिथं सही झाल्याशिवाय काही सुरू होत नाही आणि काही बंदही होत नाही. बायको गेली हे कळल्यावर माणसानं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. सही करायची असते एवढं माहीत होतं, म्हणून विचारलं. जळगावच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी पेन हातात धरून बराच वेळ उभा होतो... मग कुणीतरी बसवलं.

आता सव्वा महिना झाला. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, पोरगी सासरी परत गेली. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी कुसुममॅडमवर कुणीतरी लिहा म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं एखादे प्राध्यापक लिहितील. मी म्हटलं, मी लिहितो. मी सातवी शिकलो आहे, शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघावं. मला लिहायचं आहे ते कुसुम किती थोर होती याच्याबद्दल नाही, ते बाकीचे सांगतील. तिच्यावर एक बोल आला आहे, आणि तो माझ्यामुळं आला आहे. तो इथं सगळ्यांसमोर पुसायचा आहे.

आमचं लग्न झालं तेव्हा ती दहावी पास होती. धुळ्याकडच्या खेड्यातली. पुढचं सगळं शिक्षण तिनं दीपनगरच्या क्वार्टरमध्ये केलं, पोरगी मांडीवर आणि पुस्तक चुलीजवळच्या फळीवर. मग कॉलेजात नोकरी लागली. मग हळूहळू ती पोरांना शिकवायचं सोडून शिकवणाऱ्यांनाच शिकवायला लागली. नवे लागलेले प्राध्यापक फळ्याकडं तोंड करून बोलत राहतात, मागच्या बाकावर काय चाललंय त्यांना दिसत नाही, तर वर्ग कसा धरायचा, पेपर कसा काढायचा, ते कुसुम सांगायची. मी म्हटलं, म्हणजे तू मास्तरांची मास्तरीण. ती रागावली की गावाची बोली यायची तिच्या तोंडात. म्हणाली, "तुमले काय समजस त्यामा?" खरंच नव्हतं समजत. अजून नाही.

तिच्यासारखं काम करणारे आणखी पंधरा-वीस जण धुळे-जळगावच्या कॉलेजांत होते. कुणाला त्याचा पगार नव्हता, सगळं रविवारी, आपल्या खर्चानं. त्यांचं मंडळ काढायचं ठरलं आणि त्याचे नियम लिहायची बैठक आमच्या नशिराबादच्या घरी बसली. तोवर मी रिटायर होऊन आम्ही तिथं राहायला आलो होतो. मला वाटलं तासाभराचं काम असेल. चार महिने चाललं. कोण सभासद होईल, कोण नाही, सभेला किती जण हवेत, मत कुणाचं, भांडण झालं तर कुणी ऐकायचं... मी पोहे देऊन देऊन थकलो. धुळ्याची वैशाली बोरसे तेव्हा सगळ्यात लहान, आणि सगळ्यात जास्त तोंड तिचंच. म्हणायची, "नाना, बठ्ठा नियम झाले, आता मंडळात माणसं कधी घ्यायची ते विचारा मॅडमला." कुसुम हसायची नाही. म्हणायची, "वैशाली, माणसं चांगली असतात तोवर नियम लागत नाहीत. म्हणून चांगली असतानाच लिहून घ्यायचे." याआधी असंच एक मंडळ तिनं बघितलं होतं. त्याचे अध्यक्ष खुर्चीतून उठलेच नाहीत, आणि शेवटी खुर्ची आणि अध्यक्ष एवढंच मंडळ उरलं. त्यामुळं तिचा हट्ट होता, दोन मुदती झाल्या की उठायचं. कुणीही असो.

नववा नियम माझा आहे. हे मंडळातल्या कुणाला माहीत नव्हतं, आत्ता कळेल. ती अडली होती की एकानं पद सोडलं आणि दुसऱ्यानं घेतलं हे नक्की कधी झालं म्हणायचं. तोंडी म्हटलेलं लोक फिरवतात. मी भाजी निवडत होतो. मी म्हटलं, आमच्याकडं मशीनमध्ये माणूस उतरला की तो स्वतः स्विचवर पत्र्याचा बोर्ड लावतो, 'माणूस कामावर आहे'. काम संपलं की तोच काढतो आणि कामाच्या परवानगीचा कागद, परमिट, त्यावर सही करून परत देतो. साहेब आला तरी साहेबानं तो बोर्ड काढायचा नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, नाहीतर आतला माणूस मरतो. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितलं, तिनं लिहिलं. पद ज्यानं घेतलं त्यानं स्वतः लेखी सोडल्याशिवाय आणि सचिवाची पोच मिळाल्याशिवाय त्या जागी दुसऱ्या कुणी बसू नये. मग मी केंद्रातून भंगारात निघालेला एक बोर्ड घरी आणला होता तो तिला काढून दिला. तिनं तो आपल्या खोलीच्या कडीला लावायला सुरुवात केली. बोर्ड असला की आत जायचं नाही, चहालाही हाक मारायची नाही. काम झालं की ती स्वतः काढायची आणि बाहेरच्या खिळ्यावर टांगायची.

दहावा नियम तिचा. पद सोडलं त्यानं पुढच्या सभेत सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा वाटायचा. वैशाली म्हणाली, मॅडम, हा काय नियम आहे? कुसुम म्हणाली, "खुर्चीतून उठलेल्या माणसाला हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. काहीतरी धरायला द्यावं." त्या वेळी सगळे हसले. मीही हसलो.

पुढं तीच अध्यक्ष झाली, दोन मुदती. दुसरी संपत आली तेव्हा आजार निघाला. पोटातला होता, डॉक्टरांनी फार लपवलं नाही. मुदत संपली त्या दिवशी तिनं उशांना टेकून पद सोडल्याचं पत्र लिहिलं. चार ओळी, पण तीन कागद फाडले, अक्षर हलत होतं म्हणून. पाकीट माझ्या हातात दिलं. "पोस्टात नको. धुळ्याला जा, वैशालीच्या हातात द्या, पोच घ्या." वैशाली आता सचिव होती. शेजारच्या अक्काला कुसुमजवळ बसवून मी सकाळची एसटी धरली.

अर्ध्या वाटेवर पारोळ्याला गाडी थांबली. मी चहा प्यायला उतरलो आणि परत चढलो नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. लोक विचारतील म्हणून मी स्वतःला खूप वेळा विचारून बघितलं. कप हातात होता, पाकीट खिशात होतं, आणि मनात एकच आलं... बोर्ड काढला की आत माणूस नाही असं धरतात. मग मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जातं. हे पत्र पोचलं की कुसुमचं काम संपलं, असं कागदावर होईल. मला ते व्हायला नको होतं. तिचं काम असेल तोवर ती आहे, असं काहीतरी अडाण्यासारखं डोक्यात बसलं. धुळ्याची गाडी गेली. मी समोर उभी असलेली जळगावची धरली.

घरी आलो. ती म्हणाली, "दिलं?" म्हटलं, दिलं. "पोच?" म्हटलं, पाठवते म्हणाली. ती "बरं" म्हणाली. पाकीट मी माझ्या फिटरकीच्या पान्यांच्या पेटीत तळाला घातलं आणि कुलूप लावलं.

त्यानंतर ती दोन महिने होती. फोन उशाशी ठेवायची. वाजला की आधी नाव बघायची. मंडळातून कुणाचा आला नाही. एकदा म्हणाली, "वैशाली बोलली का काही, तुमच्याशी?" मी म्हटलं, कामात असतील. ती पंख्याकडं बघत म्हणाली, "चांगलंय. नियम चालतोय म्हणजे." आणि भिंतीकडं तोंड केलं. तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. पेटी तिच्या खाटेखालीच होती. आधी तिचं काम जाऊ नये म्हणून गप्प होतो, आता खोटं उघडं पडेल म्हणून गप्प होतो, हे एकाचं दुसरं कधी झालं तेही मला कळलं नाही.

मधे एक दिवस तिला बरं वाटलं. धरून धरून आपल्या खोलीत गेली, बोर्ड कडीला लावला, आत तासभर काहीतरी लिहीत बसली. तिथंच चक्कर आली. त्याच दिवशी जळगावला नेलं, ती परत आली नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी वैशाली आली. रडली, मग इकडचं तिकडचं बोलत राहिली. ही पोरगी आडून बोलणारी नव्हे. मी म्हटलं, बोल काय असेल ते. ती म्हणाली, "नाना, मंडळ बंद पडलंय. मॅडमचं पत्र नाही, त्यामुळं कुणाला बसवता येईना. नव्या प्राध्यापकांचं शिबिर होतं धुळ्याला, तेही राहिलं. तुम्ही रागावू नका, पण काही जण म्हणत होते, नियम बाकीच्यांना, स्वतः मात्र खुर्ची सोडवेना. मी भांडले त्यांच्याशी. पण फोन करायची हिंमत झाली नाही मला. आजारी माणसाला काय विचारणार, मॅडम, तुम्ही उठत का नाही?"

इकडं कुसुम समजत होती की या लोकांनी आपल्याला गुपचूप सोडून दिलं, साधं बरं म्हणायला फोन नाही. तिकडं हे समजत होते की ती खुर्ची धरून बसली आहे. आणि मधे मी, पेटीला कुलूप लावून.

पाकीट काढून वैशालीच्या हातात दिलं. पारोळ्याचं सगळं सांगितलं. तिनं पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. मला शिव्या देईल वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, गेलेल्या बाईचं पत्र चालतं का? ती म्हणाली, "नियमात नाही नाना. मॅडमनं सगळं लिहिलं, एवढंच राहिलं." मग तिनं पर्समधून कागद काढला आणि पोच लिहायला बसली. तारखेशी अडली. नियमाप्रमाणं पत्र पोचलं ती तारीख, म्हणजे आजची. मी म्हटलं, तिनं लिहिलं ती टाक. ती म्हणाली, "तशी टाकली तर मॅडम वरून ओरडतील." शेवटी आजचीच टाकली, पण खाली लिहिलं, पत्र मुदत संपली त्याच दिवशी लिहिलेलं होतं, उशीर आणणाऱ्याकडून झाला. मी म्हटलं, आणणाऱ्याचं नावही लिही. तिनं लिहिलं.

मागच्या रविवारी धुळ्याला सभा झाली. या वेळी मी पारोळ्याला उतरलो नाही. तिथं उभं राहून जे झालं ते सांगितलं, फार बोलता येत नाही मला. नवा अध्यक्ष निवडला. मग वैशालीनं कोपऱ्यातली किटली आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, "नाना, दहावा." मी चहा वाटला. दोन-तीन बशांत सांडला. एक सर कप घेताना माझ्याकडं बघत नव्हते, त्यावरून मला कळलं की खुर्चीचं बोलणारे तेच. त्यांनाही पूर्ण भरून दिला.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. कुसुम गॅसवाल्याकडूनसुद्धा पोच घेतल्याशिवाय त्याला दारातून हलू द्यायची नाही. मला तिनं पोच एकदाच विचारली, परत कधीच नाही. दोन महिने खाटेखाली पेटी होती आणि पान्यांची पेटी मी आयुष्यात कधी घरात कुलूप लावून ठेवली नव्हती. तिला कळलं होतं का? कळलं असेल तर ती का बोलली नाही, मला वाचवत होती की मलाच शिक्षा करत होती... का तिलाही ते पत्र पोचायला नको होतं? मी उलटसुलट धरून बघतो. कळत नाही.

वैशालीला नियमांची मूळ वही हवी होती, ती कुसुमच्या खोलीत होती. बोर्ड कडीला तसाच होता, ती लिहायला बसली त्या दिवसापासून. वैशालीनं काढायला हात पुढं केला. मी म्हटलं, थांब. दार तसंच लोटलं, बोर्ड कडीवर हलला, आम्ही आडवे होऊन आत गेलो, वही घेतली आणि तसेच बाहेर आलो. पोरगी सासरहून रोज फोनवर म्हणते, बाबा, आता तो काढा. मी तिला नववा नियम सांगतो. बोर्ड मी लावलेला नाही.