काकांची बदकवेल

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास मी मुलुंडला भाड्याच्या खोलीत राहून शाळेत विज्ञान शिकवत होतो. शेजारचे मालवणी काका रोज सकाळी गॅलरीतल्या बदकवेलीपाशी उभे राहत आणि फुलात शिरणाऱ्या माशीला म्हणत, "फसलंस गो बाय!"

ते फूल सडक्या मांसासारखा वास सोडून माशीला आत बोलावतं आणि अंगाला पराग लावून दुसऱ्या दिवशी सोडून देतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. तरी 'काकांच्या वेलीच्या घाणीमुळे माश्या होतात' अशी तक्रार सोसायटीत फिरली, तेव्हा खोली जाईल या भीतीने मीही सही केली.

काकांनी ती सही पाहिली. वेल त्यांनी स्वतःच कापली आणि शेवटचं फूल माझ्या हातात ठेवलं.

"मास्तर, पोरांका दाखवा. तुमका तर सगळा ठावक आसतला."