रस्त्यातच आहो

आमच्या साडूंइतकं गोड खोटं बोलणारा माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो त्यांच्याकडेच शिकून गेला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नागपूरच्या महाल भागात त्यांचं कूलर बनवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. नागपुरात उन्हाळ्यात डॉक्टर उशिरा आला तरी लोक चालवून घेतात, पण कूलरवाला उशिरा आला तर घरातली माणसं एकमेकांवर खेकसू लागतात. अशा गावात साडू प्रत्येक फोनला एकच उत्तर देत: "हे काय, रस्त्यातच आहो." त्यांच्या लग्नात वरात लांबली तेव्हाही त्यांनी सासऱ्यांना हाच निरोप धाडला होता म्हणे, आणि त्या वेळी नवरदेव दाढीला साबण लावत होते. एकदा तर कंटाळलेलं गिऱ्हाईक थेट दुकानाच्या दारात येऊन उभं राहिलं आणि तिथूनच त्यानं फोन लावला. साडू त्याच्याकडे पाठ करून तर्री-पोहे खात होते. "तुमच्या गल्लीच्या तोंडावरच आहो," ते म्हणाले, आणि लिंबू पिळायला वळले. पुढचं संभाषण ऐकायला मी थांबलो नाही.

यात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना नाही म्हणता येत नसे, एवढंच. "गर्मीनं कासावीस झालेल्या माणसाले नाही कसं म्हणावं गा साडूभाऊ? येतो म्हटलं का त्याले तेवढाच थंडावा," असं त्यांचं शास्त्र. पण या थंडाव्यापायी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली आणि घरात दुकान विकण्याची भाषा सुरू झाली. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं बापाला न विचारता एक व्हर्च्युअल असिस्टंट शोधून काढली. रत्नागिरीजवळच्या एका गावातली मुलगी. दुकानाचे फोन परस्पर तिच्याकडे वळणार, ती घरबसल्या ते घेणार, आणि कुठे कधी जायचं ते साडूंना सांगणार. काम मृगापर्यंत, कारण हवा ओली झाली की नागपुरात कूलरला कुणी विचारत नाही.

पहिल्या दिवशी स्पीकरवर मुलाखत झाली, तेव्हा मी हजर होतो. खरं तर मुलाखत तिनंच घेतली. "काका, माझी एक अट आहे. मी गिऱ्हाइकांशी खोटं बोलणार नाही."

"थोडंसं बी नाही?" साडूंनी विचारलं.

"थोडंसंही नाही."

डॉक्टरनं मीठ बंद केल्यावर माणसाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

मग चमत्कार सुरू झाले. मुलगी लोकांना सरळ सांगे, "ते आज येणार नाहीत. गुरुवारी सकाळी येतील." आणि पोरीचा शब्द खाली पडू नये म्हणून साडू गुरुवारी सकाळी खरंच जात. धंतोलीतल्या एका बाईंनी त्यांना वेळेवर दारात पाहून "कोण पाहिजे?" असं विचारलं. तुटलेली माणसं परत आली. दुकान विकण्याची भाषा थांबली.

साडूंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण दुकानात आलेल्या माणसाची करावी तशी तिची सरबराई चाले. ती फोनवर कामं सांगू लागली की मोबाइल एका स्टुलावर ठेवून ते त्याच्यासमोर कूलर लावत. "सकाळपासून बोलून राहिली बिचारी," म्हणत तिच्या नावाचा चहाही मागवत आणि आपल्या चहानंतर तोही पीत. एकदा ती सहज म्हणाली, "काका, आमच्याकडे फार उकडतं हो." झालं. त्यांनी वाळ्याच्या नव्या ताट्या बसवलेला, निळ्या रंगाचा दणकट कूलर ट्रान्सपोर्टनं रवाना केला आणि मग मला सांगितलं.

मी कपाळाला हात लावला. समुद्रकाठच्या दमट हवेत कूलर काय करणार? पण ते इतके खुशीत होते की माझ्याच्यानं बोलवेना.

कूलर पोचला त्या दिवशी मी मुद्दाम दुकानात गेलो. साडूंनी स्टुलावरच्या फोनला विचारलं, "कसा चालते वं बाई?"

तिची अट मला आठवली.

"एकदम गार हवा येते काका. आई तर समोरून उठतच नाही."

साडू खूप हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ एक पंप पुसत बसले. मग म्हणाले, "दमट हवेत कूलर नुसता चिकचिक करते. गाडी गेल्यावर आठवलं मले."

"मग तिला विचारलंत कशाला?"

"नाही चालत म्हणाली असती, तर वापस मागवला असता." पंप त्यांनी खाली ठेवला. "माझं मन राखाले खोटं बोलली गा पोरगी. घरच्यावानी."

मृग लागला. फोन थंडावले. शेवटच्या दिवशी मुलीनं हिशेबी माणसासारखी सगळी कामं समजावून दिली आणि म्हणाली, "काका, एकदा आमच्याकडे या. आई आठवण काढते."

"हे काय," साडू म्हणाले, "रस्त्यातच आहो."

ती हसली. मीही हसलो. आम्ही दोघंही त्यांना ओळखत होतो.

दुकान बंद करताना त्यांनी स्टूल आत घेतलं, शटर ओढलं, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "साडूभाऊ, रत्नागिरीले जायाले गाडी कुठं बदला लागते?"