आरेखकाचा रिकामा चौकोन

ट्रेसरकाकांनी साधी म्हैस काढली, तरी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण असायचा आणि बाणाच्या टोकाशी सुबक 'उ'. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलंच, "काका, म्हशीला उत्तर दिशा कशाला?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, उद्या कुणी कागद उलटा धरला तर? म्हैस पाय वर करून पडंल न्हाई का." मी बी.ई. सिव्हिल होते, पदानं त्यांची साहेब होते, आणि कागद सुलटा धरून त्यांना परत दिला.

मी मूळची लातूरची. पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि पहिलीच नेमणूक नांदेडला मिळाली. काका तिथे अनुरेखक होते. आरेखकानं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि खालची रेघन् रेघ शाईनं जशीच्या तशी वर उतरवून घ्यायची, हे अनुरेखकाचं काम. तो शब्द फक्त पगारपत्रकात होता, बाकी सगळे त्यांना ट्रेसरकाकाच म्हणत. मी रुजू झाले तोवर नकाशे कॉम्प्युटरवर निघू लागून बरीच वर्षं झाली होती आणि गिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकांकडे जुने नकाशे सांभाळायचं काम दिलेलं. खिडकीपाशी त्यांचं उतरतं टेबल होतं आणि निवृत्तीला चार वर्षं होती. दुसऱ्या कुणी ती वर्षं पेपरातलं कोडं सोडवत काढली असती. काकांनी दुपारच्या सुट्टीत कॉमिक काढायला घेतलं.

त्यांच्या नायकाचं नाव गणपत चेनमन. चेनमन म्हणजे मोजणीच्या वेळी साखळी धरून पुढे जाणारा माणूस. हा गणपत मात्र जे मोजायचं नसतं तेच मोजत हिंडायचा. मुदखेडच्या प्लॅटफॉर्मवर कुणी म्हणालं, "गाडी पाच मिनिटांत सुटतेय," की गणपत ती पाच मिनिटं मोजायला घ्यायचा आणि साखळी प्लॅटफॉर्म संपून पार सिग्नलच्या पलीकडे जायची. अर्धापूरच्या बागेत मालक पाहुण्यांना म्हणाला, "घ्या हवी तेवढी केळी," तर हवी तेवढी म्हणजे नेमकी किती याचा हिशेब गणपतनं लावेपर्यंत पाहुणे खाऊनपिऊन घरी पोचलेले असायचे. एका पानावर सहा चौकटी. माणसं, झाडं, एसटी, सगळं मापात. एसटीच्या दारापेक्षा कंडक्टर उंच निघाला म्हणून त्यांनी एकदा अख्खं पान बाद केलेलं मी पाहिलंय.

पान झालं की चार झेरॉक्स निघायच्या. एक ऑफिसच्या फळ्यावर सुट्ट्यांच्या यादीखाली, एक समोरच्या चहाच्या टपरीवर, एक काका दाढी करायला जात त्या सलूनमध्ये आणि एक भाजी घ्यायच्या निमित्तानं कुणाच्याही हातात. पुढे मुलीनं त्यांना व्हॉट्सॲपचं स्टेटस ठेवायला शिकवलं. काकांची समजूत अशी, की नकाशांच्या चळतीत शेवटी ठेवलेला कागद वर दिसतो, तसंच इथेही असणार. म्हणून ते सहावी चौकट आधी टाकत आणि पहिली शेवटी. पहिले पंधरा दिवस गणपत आधी घरी पोचायचा आणि मग निघायचा. टपरीवाल्याला ते इतकं आवडलं, की चूक दुरुस्त झाल्यावर तो म्हणाला, "काका, पयलंच भारी होतं."

चूक झाली की काका खोडरबर वापरत नसत. ट्रेसिंग पेपरवरची शाई खोडता येत नाही, ती ब्लेडनं खरवडावी लागते. दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं त्यांच्या खिशातल्या डबीत कायम असे. मी घाईची. एकदा एका जुन्या नकाशावर माझ्या हातून पेन ओघळलं आणि मी रुमालानं पुसायला धावले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "वाळू द्या मॅडम. वल्या शाईला हात लावला की समदं घाण होतंय." दहा मिनिटं आम्ही दोघं एका डागाकडे बघत बसलो. मग त्यांनी तो असा उतरवला, की उजेडाकडे कागद धरल्याशिवाय काही घडलं होतं हे कळू नये. उजेडाकडे धरला की मात्र तेवढीच जागा पातळ दिसायची. ती लपत नाही.

पण या माणसाचं खरं वेड कागदाच्या खालच्या कोपऱ्यात होतं. सरकारी नकाशावर तिथे चार चौकोन असतात: आरेखक, अनुरेखक, तपासले, मंजूर. काकांनी ते चारही कॉमिकच्या प्रत्येक पानावर आखले होते. 'मंजूर'मध्ये टपरीवाला सही करायचा, अगदी कार्यकारी अभियंत्याच्या ऐटीत. 'तपासले' काकूंकडे. पान आधी काकू वाचणार, त्या मोठ्यानं हसल्या तरच सही करणार, नुसतं स्मित चालायचं नाही. काकू हसल्या नाहीत म्हणून गणपतच्या कितीतरी मोहिमा घरातच राहिल्या. अनुरेखकाच्या चौकोनात काकांची स्वतःची सही. आणि आरेखकाचा चौकोन दर पानावर रिकामा.

मी म्हटलं, "काका, इथं कुणाची सही?"

"आरेखकाची."

"मग करा की."

"मी आरेखक न्हाई, मॅडम. मी ट्रेसर."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ती गंमत नव्हती. त्यांची पद्धत अशी होती, की जुन्या टेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर जाड पेन्सिलीनं सगळं पान काढायचं, मग त्यावर ट्रेसिंग पेपर लावून शाईनं गिरवायचं. म्हणजे स्वतःचंच चित्र स्वतः गिरवायचं. मी विचारलं, "मग खालचं कुणी काढलं?" तर म्हणे, "ते काय, असंच गिरगटलेलं हाय. त्याला चित्र म्हणत्यात का?" मला राग यायचा. सहा चौकटींत अख्खं नांदेड हसवणारा माणूस, आणि स्वतःच्या चित्राचं बापपण घ्यायला तयार नाही. मी पुष्कळ वाद घातले. ते ऐकून घ्यायचे आणि पेनाचं टोक पुसत राहायचे.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात, टेबलाचे खण रिकामे करताना. तरुणपणी ते आरेखकाच्या बढतीसाठी खात्याच्या परीक्षेला बसले होते. नुसती मापं दिलेली, त्यावरून नकाशा काढायचा. "मापं समजली. डोक्यात समदं दिसून राहिलं होतं. पर खाली काहीच न्हाई, मॅडम. नुसता कोरा कागद. पयली रेघ मारायला हातच धजला न्हाई. तीन तास बसलो अन् चार चौकोन आखून उठलो." त्या चौकोनांतही त्यांनी सही केली होती ती अनुरेखकाच्या जागी, सवयीनं. पुन्हा ते परीक्षेला बसले नाहीत. हे सांगताना ते दुःखी वगैरे अजिबात नव्हते. मीच झाले. त्यांनी मला डबीतलं एक कोरं पातं काढून दिलं आणि म्हणाले, "ठेवा, कामाला येतंय."

निवृत्तीनंतर मी त्यांच्या घरी जाऊ लागले. जेवणाच्या टेबलाला त्यांनी दोन विटा लावून उतार दिला होता, त्यामुळे ताट ठेवलं की वरण एका बाजूला जमायचं. तिथेच मला कळलं, की पानातलं काळं भरायचं काम काकूंचं. म्हशी, छत्र्या, बायकांच्या वेण्या, एसटीची चाकं, सगळं काकू भरायच्या. रांगोळीचा हात, रेघेबाहेर कधी थेंब नाही. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "बस माय, जेव आधी. म्हशी काय पळून चालल्या न्हाईत."

अशात शहरातल्या एका वाचनालयानं विचारलं, की हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरवतोय, गणपतची वीस पानं द्या. मीच फॉर्म घेऊन गेले. त्यावर ओळ होती, 'चित्रकाराचे नाव'. काकांनी फॉर्म दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला. "चित्रकार सापडला की सांगा. मी गिरवून देईन." काकूंनी भाजी परतता परतता इतक्या जोरात कढईवर उलथनं आपटलं, की काका उठून गॅलरीत गेले. फॉर्म फ्रिजवर पडून राहिला. काकू मला हळूच म्हणाल्या, "पस्तीस वर्सं झाली, हेच चालू हाय. करते मी काहीतरी."

मग एकामागून एक दोन गोष्टी झाल्या. काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि माझी बदली लातूरला झाली. डॉक्टरांनी महिनाभर बारीक काम बंद केलं होतं. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा काका हिरवा चष्मा लावून बसले होते. त्यांनी कागदाची एक गुंडाळी हातात दिली. मला हसूच आलं. "काका, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"जाड पेन्सिलीला एक डोळा पुरतोय," ते म्हणाले, आणि मग उगीच फ्रिजकडे बघत राहिले. "घरी जाऊनच उघडा." काकूंनी डब्यात शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दारात उभं राहून दोघांनी हात केला. नांदेड सुटताना मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, ते मुख्यतः त्या दारामुळे.

लातूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सामान लावता लावता मी गुंडाळी उघडली. गणपत नांदेडहून लातूरचा रस्ता मोजायला निघालेला. साखळी ओढत, घाम पुसत तो लोह्यापर्यंत येतो आणि तिथे साखळी संपते. पाचव्या चौकटीत तो पुढे बघतो, मागे बघतो. सहाव्या चौकटीत रस्त्याकडेच्या दगडावर बसून म्हणतो, "हितून फुडं मॅडमनी मोजावं. आमी हाय हितं बसून." मी मोठ्यानं हसले. वर कोपऱ्यात बाण होता, अगदी बरोबर. लातूर खाली, नांदेड वर.

मग लक्ष खालच्या चौकोनांकडे गेलं. अनुरेखकाच्या चौकोनात काकूंचं नाव होतं, गोल, रांगोळीसारख्या अक्षरात. आणि त्याच्या शेजारी आरेखकाच्या चौकोनात काकांची सही. मी कागद खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरला. सहीखालची जागा पातळ दिसत होती. दोनदा सही करून दोनदा खरवडलेली. तिसरी तशीच राहू दिली होती.

मी फोन लावला. तो काकूंनी उचलला आणि मी काही विचारायच्या आत त्याच बोलायला लागल्या. "डोळा बंद, मग गिरवणार कोण? म्या गिरवलं. म्हणलं, गिरवणारीचं नाव त्या चौकोनात पडंल, तुमचं कुठं लिहायचं ते तुमी बघा. सकाळपून दुपारपस्तोर बसले होते माय, त्या कागदाफुडं. ब्लेड काय मागितलं, पाणी काय मागितलं. म्या आपली ज्वारी निवडून राहिले. वाचनालयाचा फारम बी भरलाय आता. चित्रकार खोडून आरेखक लिवलंय, पर भरलाय."

मग काकांनी फोन घेतला.

"जागाच उरली न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "बिनसहीचा कागद कसा जाऊ द्यावा?"

फोन ठेवून मी पुन्हा पानाकडे पाहिलं. 'तपासले'चा चौकोन रिकामा होता. ज्यानं गिरवलं त्यानंच तपासायचं नसतं, हा नियम आम्हा तिघांनाही पाठ होता, म्हणजे ती जागा माझ्यासाठी ठेवलेली होती. दिवसाला पन्नास कागदांवर सही करणारी मी, पण हात जरा थांबला. डोळे भरून आले होते, तेव्हा आधी खात्री करून घेतली, की पान वाचताना मी हसले होते, आणि मोठ्यानं हसले होते. मग काकूंच्या नियमाप्रमाणे सही केली.