अनुमोदक म्हणून माझं नाव

नगरपालिकेच्या सभागृहातला पंखा खडखडत होता, त्यामुळं "हात वर करा" हे मला ऐकूच आलं नाही. मी भिंतीकडच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारी नगराध्यक्षांचा पुतण्या, तोही सदस्य. त्यानं हातातली विषयपत्रिका गुंडाळली, ती गुंडाळी माझ्या कोपराखाली घातली आणि माझा हात वर उचलला. स्वतःचा हात लावला नाही. बाजारात मेंढराची हनुवटी काठीनं वर करून दात बघतात, तसं केलं.

"हिला बी मोजा," तो म्हणाला.

सगळे हसले. मुख्याधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी मान कागदात घातली. आणि मीही हसले. पदर तोंडाला लावून हसले. ते हसू आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मी तिथं पाणी द्यायला आलेले नव्हते. निवडून आलेली नगरसेविका होते. आमच्या प्रभागातल्या माणसांनी उन्हात रांगा लावून मला मतं दिली होती.

गावाचं नाव सांगत नाही. शिरूर-दौंडच्या पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे. ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं अजून लग्नात पहिल्या रांगेत बसतात.

आम्ही धनगर. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, मेंढरं विकली आणि गावाबाहेर ओढ्याकडेला, गायरानात, सरकारी चराऊ जमिनीवर, घर बांधलं. मागोमाग भाऊबंद आले, वस्ती झाली. नवी पिढी रांजणगावच्या कंपन्यांत कंत्राटावर लागली. माझे मालकही कंपनीच्या बसनं जायचे. माझं माहेर मांडवगणचं. तिथं सातवी झाले आणि लग्न झालं. मला वाचता येतं का, हे सासरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतरची निवडणूक. आमचा प्रभाग मागासवर्गातल्या बाईसाठी राखीव निघाला आणि आबा आमच्या दारात आले. आबा म्हणजे नगराध्यक्ष. ऊस, सोसायटी, पतसंस्था, सगळं त्यांच्या घरात. वयानं मामंजींहून लहान, पण हाक एकेरीच. पूर्वी आमची मेंढरं खतासाठी त्यांच्या वावरात बसायची, तेव्हापासूनची ती हाक.

"बिरू, तुझ्या सुनंला उभी करायची."

"तिला काय कळतंय, आबा?"

"म्हून तर. गरीब गाय हाय. तिनं काय करायचं न्हाई. बसायचं फकस्त."

मामंजींनी हात जोडले. मी आत चहा गाळत होते. मला कुणी विचारलं नाही. पण वस्तीला नळ येईल असं मनात आलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

मग सभा सुरू झाल्या. शिपाई विषयपत्रिका घरी आणून द्यायचा. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे मागच्या वेळी काय झालं ते वाचायचं आणि बरोबर आहे म्हणायचं. पण वाचायचं कुणीच नाही. पुतण्या म्हणायचा, "वाचलं असं समजून कायम." बाकं वाजायची, झालं कायम. मग गटारी, दिवाबत्ती, बाजाराचा ठेका, कोंडवाड्याचं छप्पर. ठरावाला एक मांडणारा लागतो, तो सूचक. एक पाठिंबा देणारा लागतो, तो अनुमोदक. सूचक पुतण्या. अनुमोदक मी. प्रत्येक वेळी मीच.

एकदा मी लिहिणाऱ्या कारकुनाला, भाऊसाहेबांना विचारलं, माझंच नाव का घालता.

"तुम्ही कवा न्हाई म्हणत न्हाई, वहिनी. आन् बाईमाणसाचं नाव असलं की वर पाठवताना बरं दिसतंय."

मला बरं वाटलं होतं तेव्हा. घरी येऊन मालकांना सांगितलंसुद्धा, की सगळीकडं माझं नाव लिहितात.

शेवटचा विषयही ठरलेला: अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय. तिथवर आलं की आबा आम्हा तिघी बायांकडं वळायचे.

"बायांनी निघायला हरकत न्हाई. सैपाकाची येळ झाली."

आम्ही उठायचो. मागं दार लागायचं. जिन्यात भज्यांची परात वर जाताना दिसायची. बाकीच्या दोघी म्हणायच्या, आबांना बाईमाणसाची कदर आहे. मीही मान हलवायचे.

त्या उन्हाळ्यात ओढ्याच्या पलीकडं एक जीप येऊन उभी राहायला लागली. कुणी उतरायचं नाही. काचा वर. वस्तीतली कुत्री भुंकून भुंकून दमायची, मग जीप निघून जायची. चार दिवसांनी पुन्हा यायची. आमच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद पडला, तो कुणी लावेना. मी सांगायला गेले तर "बघू की" एवढंच. किराणावाला उधारी देताना म्हणाला, "तुमचं आता हितं किती दिवस, काय म्हाईत." का म्हणून विचारलं तर तराजूकडं बघत राहिला. सगळ्या गावाला काहीतरी माहीत होतं आणि आम्हालाच नव्हतं. अशा वेळी माणसाला आपल्याच दारात परकं वाटतं.

मग एका सकाळी टेप घेऊन माणसं आली. त्यांनी वस्तीतून चुन्याची फक्की मारली. पांढरी सरळ रेघ, हौसाबाईच्या चुलवणावरून, आमच्या ओट्यावरून, पार ओढ्यापर्यंत. हौसाबाई म्हणजे मामंजींची चुलत बहीण. तिनं विचारलं, हे कशाचं. टेप धरणारा म्हणाला, "अतिक्रमण काढायचंय, आजी. हितं बाजार संकुल व्हणार हाय."

"कुणी सांगितलं?"

त्यानं माझ्याकडं बोट केलं. "सभेत ठराव झालाय की. ह्या मॅडमनीच अनुमोदन दिलंय."

सगळी वस्ती माझ्याकडं वळली. हौसाबाई जवळ आली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." एवढंच. मग ती घरात गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही.

मामंजी ओट्यावर बसले होते, फक्की त्यांच्या पायाशी. त्यांनी वर बघितलं नाही.

"तू केलंस व्हय?"

"न्हाई, मामंजी."

"मग तुझं नाव कसं?"

काय सांगणार? की माझं नाव मी कधी वापरलंच नव्हतं, त्यांनीच वापरलं?

मी तशीच नगरपालिकेत गेले. भाऊसाहेबांनी आधी टाळलं, मग हळूच सांगितलं. आयत्या वेळच्या विषयात झालं होतं ते. आम्ही तिघी जिना उतरत होतो, तेव्हा वर दार लावून माझ्या नावानं माझंच घर पाडायचं ठरलं होतं. भजी खाता खाता. तोपर्यंत मला भीती वाटायची, लाज वाटायची. राग कधी आला नव्हता. राग आला की माणूस सरळ उभं राहतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"भाऊसाहेब, इतिवृत्तात चुकीचं लिव्हलं असलं तर?"

"म्हंजी?"

"कायम करताना कुणी म्हणालं, हे चुकीचं हाय, तर?"

त्यांनी वही मिटली. "तसं कुणी म्हणत न्हाई, वहिनी."

मी हे बोलले ते संध्याकाळच्या आत आबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. खाटेवर बसले नाहीत. ओट्याखाली उभं राहून मामंजींशी बोलले, मी दारात असूनही.

"बिरू, सुनंला समजाव. तुमची समद्यांची सोय करू कुठंतरी. वरवंड गावाकडं जागा बघतो. पर सभेत तमाशा नको."

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् तुझ्या पोराची नोकरी बी हाय. कंत्राटदार आपलाच हाय."

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. जाताना वस्तीतल्या एका लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या हाताची भीती वाटली.

मालक रागावले. "गप बस. नाव तर गेलंच हाय, आता भाकरी बी घालवतीस का?" त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची आम्हाला पिढ्यांची सवय. पण मी म्हणाले, "नाव माझं हाय. ते मी परत आणणार." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सभेच्या दिवशी मी जिना चढले. सगळे आधीच येऊन बसलेले. माझी खुर्ची भिंतीला लावून, दोन्ही बाजूंना आबांची माणसं. पुतण्यानं हसून नमस्कार केला.

मुख्याधिकाऱ्यांनी सुरुवात केली. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"वाचलं असं समजून कायम," पुतण्या म्हणाला. बाकं वाजायला लागली.

मी उभी राहिले. "वाचा."

बाकं थांबली. आबांनी चष्मा काढला. "काय म्हणली?"

"वाचून कायम, असं लिव्हलंय. वाचा."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," पुतण्या म्हणाला. कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढं गेलं नाही. मी खाली बसले नाही. मुख्याधिकाऱ्यांनी आबांकडं बघितलं, मग भाऊसाहेबांना खूण केली. भाऊसाहेब वाचायला लागले. गटारी. दिवाबत्ती. ठेका. प्रत्येक ठरावाखाली माझं नाव येत होतं. इतकं ऐकलं की ते दुसऱ्याच कुणा बाईचं वाटायला लागलं. मग आयत्या वेळचा विषय आला. ओढ्याकडेची अतिक्रमणे काढून व्यापारी संकुल उभारणे. सूचक अमुक. अनुमोदक मी.

"थांबा," मी म्हणाले. "तवा मी हितं नव्हते. आबा, तुम्हीच म्हणालात, सैपाकाला जा. मी अनुमोदन दिलेलं न्हाई. माझं नाव काढा."

बाकीच्या दोघी बाया खाली बघत होत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती बोलली नाही.

"बस खाली," आबा म्हणाले.

"बसत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाला हे म्हणाले. आभाळ कोसळलं नाही. पंखा फिरत राहिला.

आबांनी मतं घेतली. दुरुस्ती नको म्हणणारे हात वर झाले, सगळे. त्या दोघींचेही. माझं नाव अनुमोदक म्हणून बहुमतानं कायम झालं. बाईनं पाठिंबा दिला की नाही, हे त्या बाईला सोडून सगळ्यांनी ठरवलं.

मी म्हणाले, "माझा विरोध लिव्हा." भाऊसाहेबांचं पेन हवेतच राहिलं.

तेव्हा आबा हळू आवाजात बोलले, एखाद्या लेकराला समजावावं तसे. "तू गायरानात राहतीस. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारीचं पद राहत न्हाई, कायदा हाय. आम्ही तुला उभी करायच्या आधीच बघून ठिवलंय ते. एक अर्ज केला की झालं. आता तूच ठरीव."

मग मला सगळं दिसलं. चांगली आहे म्हणून, गरीब आहे म्हणून मला निवडलं नव्हतं. जिच्या पायाखालची जागा कधीही काढून घेता येईल, अशीच बाई त्यांना हवी होती. दावणीचा दोर आधी बांधला, मग खुर्ची दिली.

"करा अर्ज," मी म्हणाले.

केला त्यांनी. मालकांचं काम त्याच आठवड्यात सुटलं. माझं पद पावसाळ्याच्या आत गेलं. फक्कीवरची घरं पोलीस उभे करून पाडली, आमचं पहिलं. मामंजी ओट्यावरून उठेनात, त्यांना दोघांनी धरून बाजूला नेलं. ते पुढं फार दिवस जगले नाहीत. फक्कीच्या अलीकडची घरं अजून उभी आहेत. तिथंही आता टेपवाले येऊन गेलेत. आम्ही त्याच घरांच्या कडेला पत्रे लावून राहतो. मालक दौंडला मिळेल त्या कामाला जातात.

नगरपालिकेची सभा लोकांना खुली असते. मागं दोन बाकं टाकलेली असतात, तिथं कुणी बसत नाही. मी बसते. पहिल्या दोन-तीन वेळा शिपायानं दारातून परत पाठवलं. मग मी दारातच बसले. मग आत घेतलं.

हौसाबाई अजून माझ्याशी बोलत नाही. पण मागच्या सभेला ती आली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या पाठोपाठ वस्तीतल्या आणखी बाया आल्या. नगराध्यक्ष आता पुतण्या आहे. पहिला विषय पुकारला की मी उठते आणि म्हणते, "वाचा." मला बोलायचा अधिकार नाही असं सांगतात. दंड धरून बाहेर काढतात. जिन्यात उभी राहून मी तेच म्हणते, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

ज्या ठरावानं माझ्या माणसांची घरं पाडली, त्याखाली माझं नाव आहे. ते खोडल्याशिवाय मी मरणार नाही. तोवर दर सभेला जाणार. त्यांनी दार लावलं, तर त्या दारात बसणार.